मुलाच्या पहिल्या चारचाकीसाठी वडिलांनी पैसे द्यावेत, जामीन राहावे, की कर्ज स्वतःच्या नावावर घ्यावे?

गुरुजी_अंबाजोगाई

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून आमचे वास्तव्य अंबाजोगाईत आहे. माझा मुलगा पंचवीस वर्षांचा असून वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अभियंता आहे आणि सर्व कपाती वजा जाता त्याच्या हातात महिन्याला ३८,००० रुपये येतात. पाळीची नोकरी असल्यामुळे तो रात्री-अपरात्री दुचाकीवर ये-जा करतो, आणि सणावाराला घरी येतानाही गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज असा दोनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता दुचाकीवरच कापतो. तो पोहोचेपर्यंत त्याच्या आईचा जीव फोनमध्ये अडकलेला असतो. शिवाय माझ्या वृद्ध आईला तपासणीसाठी संभाजीनगरला न्यायचे झाले की दर वेळी भाड्याची गाडी करावी लागते. या सगळ्याचा विचार करून मुलाने चारचाकी घ्यायचे ठरवले आहे. त्याने आमच्याकडे पैसे मागितलेले नाहीत, हे मुद्दाम नमूद करतो. मदत करावी ही आम्हा उभयतांचीच इच्छा आहे.

पसंत केलेल्या पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ७ लाख रुपये आहे. त्यावर ११ टक्के रस्ता कर म्हणजे ७७,००० रुपये, शिवाय विमा आणि नोंदणी धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत सव्वाआठ लाखांच्या आसपास खर्च जातो. शोरूममधील प्रतिनिधीने ७ लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी, ९ टक्के दराने सुचवले असून हप्ता सुमारे ११,२६० रुपये सांगितला आहे. मुलाची स्वतःची शिल्लक पावणेदोन लाख आहे. माझी अडीच लाखांची एक मुदत ठेव लवकरच संपत आहे. मला सेवानिवृत्तीला पाच वर्षे उरली आहेत.

आता प्रश्न असा आहे की, माझी नोकरी सरकारी असल्यामुळे कर्ज माझ्या नावावर घेऊन हप्ता मुलाने भरावा, की कर्ज त्याच्या नावावर घेऊन मी जामीन राहावे, की ठेवीचे पैसे त्याला देऊन बाजूला व्हावे? धाकटी मुलगी लातूरला शिकत आहे आणि तिच्या पुढच्या शिक्षणाचा खर्चही समोर आहे. जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त_शाखाधिकारी

गुरुजी, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे आणि आपल्यासारख्या पालकांचे असे अर्ज वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून गेले आहेत. माझे मत आधीच सांगतो आणि मग कारणे देतो: ठेवीचे पैसे मुलाला द्यावेत, कर्ज त्याने एकट्याने घ्यावे आणि आपली सही त्या कर्जाच्या कागदावर असू नये.

कर्ज आपल्या नावावर घेतल्यास काय होईल, ते पाहा. पगारदाराला कर्ज देताना बँक त्याची मुदत शक्यतो निवृत्तीच्या आत बसवते, त्यामुळे सात वर्षांचा हप्ता आपल्याला मिळणे कठीण आहे. जो हप्ता बसेल तो आपल्या पगारातील कर्ज घेण्याची क्षमता व्यापून टाकेल, आणि उद्या मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून उभे राहाल तेव्हा नेमकी तीच क्षमता कमी पडेल. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हप्ते मुलाच्या पगारातून गेले तरी परतफेडीची नोंद आपल्या नावावर होईल. पुढे तो घरासाठी कर्ज मागायला जाईल तेव्हा चार-पाच वर्षे काटेकोरपणे हप्ते भरूनही त्याच्या नावावर काहीच दिसणार नाही.

आता जामिनकीविषयी. पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, त्याच्याकडून काही निघाले नाही तरच जामीनदाराकडे येईल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक दोघांपैकी कोणाकडूनही पहिल्या दिवसापासून वसुली करू शकते. ते कर्ज जामीनदाराच्या सिबिल अहवालातही, म्हणजे कर्ज-परतफेडीच्या नोंदींतही, दिसते आणि हप्ता थकला की त्याचाही गुणांक घसरतो. जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती निदान दर पंधरवड्याला कळवतात, त्यामुळे पूर्वीसारखी एखाद्या महिन्याची चूक झाकून जात नाही.

मुलाने पूर्वी कधी कर्ज घेतले नसेल तर त्याचा गुणांकच तयार झालेला नसेल, आणि तेवढ्यावरून "वडिलांना जामीन घ्या" असे सांगितले जाईल. अशा वेळी नम्रपणे सांगावे की, केवळ पूर्वीचा कर्ज-इतिहास नाही या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे. ज्या बँकेत त्याचा पगार जमा होतो तेथे आधी विचारावे. पगाराची ये-जा त्यांना दिसत असते, त्यामुळे तेथे जामिनाशिवाय काम होण्याची शक्यता अधिक असते.

शोरूमच्या आकड्याकडे आता नीट पाहू. ७ लाखांवर ९ टक्क्यांनी ८४ हप्ते भरल्यास एकूण सुमारे ९,४६,००० रुपये जातात, म्हणजे २,४६,००० रुपये नुसते व्याज. हेच कर्ज ६० महिन्यांत फेडल्यास हप्ता १४,५३० रुपयांच्या आसपास जातो आणि व्याज १,७२,००० वर येते. पण आपले अडीच लाख आणि मुलाचे पावणेदोन लाख एकत्र केले तर कर्ज ४ लाखांचेच लागेल. ते ४८ महिन्यांत फेडायचे म्हटले तर हप्ता ९,९५४ रुपये बसतो आणि एकूण व्याज ७८,००० रुपयांच्या आत राहते. शोरूमने सांगितलेल्या हप्त्यापेक्षा हा हप्ता तेराशे रुपयांनी कमी आहे आणि तीन वर्षे आधी संपणारा आहे. आपल्या अडीच लाखांनी मुलाचे याहून मोठे काम दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होणार नाही.

व्याजदर विचारताना तो घटत्या शिलकीवर आहे की "फ्लॅट", म्हणजे अखेरपर्यंत मूळ रकमेवरच, आहे, हे अवश्य विचारावे. ६ लाखांवर पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे २,१०,००० रुपये व्याज आणि १३,५०० रुपये हप्ता. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे धरून येणारा खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन बँकांची विवरणपत्रे शेजारी ठेवावीत आणि सहीच्या आधी मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काची ओळ वाचावी. वाहनकर्ज बहुधा स्थिर दराचे असते आणि स्थिर दराच्या कर्जावर असे शुल्क लावले जाऊ शकते.

केज_शिवार

राम राम गुरुजी. साहेबांनी जामिनकीचे जे सांगितले, ते मी भोगलेले आहे, म्हणून लिहितो. माझ्या पुतण्याने पुण्यात नोकरीला असताना गाडी घेतली आणि मी त्याला जामीन राहिलो. मुलगा सरळ आहे, निर्व्यसनी आहे, आजही त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु त्याची कंपनी अचानक बंद पडली आणि तीन हप्ते थकले. मला त्याचा पत्ता लागला तो मृगाच्या तोंडावर, जेव्हा पीककर्ज नवे-जुने करण्यासाठी मी बँकेत गेलो. फाईल समोर ठेवून अधिकाऱ्याने सांगितले की आपण जामीन असलेले एक खाते थकीत दिसत आहे, ते नियमित झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझे स्वतःचे पीककर्ज दर वर्षी वेळेवर भरलेले होते आणि तीन लाखांपर्यंतच्या शून्य टक्के व्याजाच्या सवलतीत बसणारे होते, पण त्याचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही.

सोयाबीनच्या बियाण्यासाठी काढून ठेवलेले पैसे पुतण्याच्या हप्त्यांत भरले आणि बियाणे व खत दुकानातून उधारीवर उचलले. उधारीचा भाव निराळा असतो, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. आपल्या नावावर सातबारा असेल, त्यावर पीककर्ज असेल, तर पोराच्या गाडीच्या कागदाला हात लावण्यापूर्वी शंभर वेळा विचार करावा. पैसे द्यायचे तर हातचे द्यावेत. ते गेले तर तेवढेच जातात.

गुरुजी_अंबाजोगाई

साहेब आणि भाऊ, दोघांचाही मनापासून आभारी आहे. गावी माझ्या नावावर थोडी जिरायत जमीन असून त्यावर सोसायटीचे पीककर्ज आहे, त्यामुळे भाऊंनी सांगितलेली गोष्ट थेट मला लागू पडते. आणखी दोन प्रश्न आहेत. भविष्य निर्वाह निधीतून ना-परतावा रक्कम काढून कर्ज आणखी कमी करावे का? आणि सौभाग्यवतींचे म्हणणे आहे की तिचे दागिने तारण ठेवून सोनेतारण कर्ज काढले तर बँकेचा गाडीवर बोजाच चढणार नाही. हे कितपत योग्य आहे?

निवृत्त_शाखाधिकारी

निर्वाह निधीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर सध्या ७.१ टक्के व्याज मिळते, कर्जावर ९ टक्के जाते. फरक दोन टक्क्यांच्याही आत आहे आणि तेवढ्यासाठी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना ती रक्कम मोडणे शहाणपणाचे नाही. मुलाला पुढची तीस वर्षे पगार मिळणार आहे, आपल्याला पाच.

सोनेतारणाबाबत वहिनींचा हेतू मोठा आहे, पण ही कर्जे बहुतेक ठिकाणी अल्प मुदतीची असतात आणि मुदत संपल्यावर पुन्हा नवे-जुने करावी लागतात. चार वर्षांच्या खर्चासाठी वर्षभराचे कर्ज घेतले की दर वर्षी तीच धावपळ होते, आणि एखाद्या वर्षी जमले नाही तर दागिने लिलावात जाण्याची वेळ येते. गाडीवर चार वर्षे बोजा राहिला तर त्यात कमीपणा काही नाही.

वाळूजवासी

सर, नमस्कार. मीही वाळूजमध्येच नोकरीला असून मूळचा हिंगोली जिल्ह्यातील आहे. आपल्या मुलाच्या जागी उभा राहून काही गोष्टी मांडतो.

हप्त्याशिवायचा खर्च घरात बसून कळत नाही. गावी एक फेरी आणि शहरातले फिरणे धरून महिन्याला ८०० किलोमीटर झाले, तर लिटरला १८ किलोमीटरच्या हिशेबाने ४४-४५ लिटर पेट्रोल लागते आणि लिटरचा दर शंभराच्या वर असल्यामुळे साडेचार हजारांहून अधिक रक्कम तेथेच जाते. पुढच्या वर्षीचा विमा, सर्व्हिसिंग, टोल यांसाठी महिन्याला दोन हजार बाजूला काढावे लागतात. ९,९५४ चा हप्ता धरला तर गाडीचा एकूण खर्च साडेसोळा हजारांपर्यंत पोहोचतो. बजाजनगरला किंवा रांजणगावला खोलीचे भाडे आणि खाणावळ भरल्यावर ३८,००० च्या पगारात हे बसते, पण बचत फारशी उरत नाही, हे त्याने स्वतः कागदावर लिहून पाहावे. शिवाय आमच्याकडच्या बहुतेक भाड्याच्या इमारतींत चारचाकीला जागा नसते, गाडी गल्लीत लावावी लागते. खोली बदलावी लागणार असेल तर त्याचे भाडेही हिशेबात धरावे. कंपनीची बस असेल तर पाळीला तिनेच जावे आणि गाडी गावासाठी ठेवावी. मी तसेच करतो.

दुसरे असे की, तीन-चार वर्षे वापरलेली गाडी विचारात घ्यायला हरकत नसावी. आपल्याकडची आणि त्याच्याकडची मिळून सव्वाचार लाखांची रक्कम आहे. तेवढ्यात कर्जाशिवाय चांगली गाडी मिळू शकते. मात्र घेण्यापूर्वी परिवहनच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून बँकेचा बोजा शिल्लक आहे का, दंडाची ई-चलने थकली आहेत का, हे पाहावे, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यास उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे की नाही, याची खात्री करावी. विमा आपल्या नावावर करण्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत कंपनीला कळवावे लागते, हे अनेकांकडून राहून जाते.

एक विनंती मनापासून करतो. आपण देत असलेली रक्कम भेट आहे की परत करायची आहे, हे मुलाशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. माझ्या वडिलांनी मला पैसे देताना हे सांगितले नव्हते. मी ते उसने समजत होतो, ते भेट समजत होते. घरी पैसे पाठवले की त्यांना वाईट वाटायचे आणि नाही पाठवले की मला.

जालन्याचा_करसल्लागार

कराच्या बाजूने थोडक्यात लिहितो. वडिलांनी मुलाला दिलेली भेट कितीही रकमेची असली तरी मुलाला त्यावर आयकर लागत नाही, कारण कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडून मिळालेली भेट करमुक्त असते. फक्त रक्कम बँकेतून बँकेत पाठवावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे आणि हा नियम शोरूमलाही लागू आहे. साध्या कागदावर "मी माझ्या मुलास अमुक रक्कम प्रेमापोटी भेट दिली आहे" असे लिहून दोघांनी सही करून ठेवले म्हणजे पुढे कोणी विचारले तर उत्तर हाताशी राहते. उसने म्हणून देणार असाल तरीही बँकेतूनच द्यावेत, कारण २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक उसनवारी रोखीने घेता येत नाही. वाहनाची किंमत दहा लाखांच्या वर असेल तर शोरूम एक टक्का कर गोळा करते आणि तो खरेदीदाराच्या विवरणपत्रात वळता होतो. आपल्या गाडीला तो लागू होणार नाही.

सर्वेक्षक_परभणी

मी मोटार विम्याच्या नुकसानीचे सर्वेक्षण करतो. गाडी कोणाच्या नावावर असावी, या प्रश्नाला विम्याची बाजू आहे आणि ती धाग्यात अजून आलेली नाही.

मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा हा नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच लागू होतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगा, अशी व्यवस्था केली तर रोज चाकामागे बसणारा माणूसच त्या संरक्षणाबाहेर राहतो. दुसरीकडे, अपघातात तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाले तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. विकलेली पण कागदोपत्री नावावर राहिलेली गाडी असेल तरी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमा एखाद्या कारणाने खंडित झालेला असेल तर वडिलांच्या पगारावर आणि जमिनीवर गदा येते. विनादावा सवलतही, म्हणजे वर्षभरात दावा न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट, जी पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, व्यक्तीच्या नावाला चिकटते. ती मुलाच्या नावावर जमा होणे त्याच्या हिताचे आहे. तेव्हा गाडी मुलाच्याच नावावर असावी, यात मला शंका नाही.

साहेबांनी सात वर्षांच्या कर्जाचा हिशेब दिला आहे, त्याला एक जोड देतो. ७ लाखांच्या त्या कर्जात तीन वर्षांनंतर सुमारे ४,५२,००० रुपये मुद्दल शिल्लक असते. तीन वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची विम्यासाठीची किंमत ठरलेल्या घसाऱ्याप्रमाणे ४० टक्के कमी धरतात, म्हणजे ७ लाखांच्या गाडीला ४,२०,०००. त्या वेळी गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही ३०,००० रुपयांहून अधिक देणे उरते आणि दारात गाडीही नसते. ४ लाखांच्या, चार वर्षांच्या कर्जात त्याच टप्प्यावर फक्त १,१४,००० रुपयांच्या आसपास बाकी असते.

पावसाविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूर, परभणी, नांदेड अशा सगळीकडे गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीचे दार उघडले की आसनावर गाळाची रेघ दिसते आणि पाणी कुठवर चढले होते ते ती रेघच सांगते. मग एअर फिल्टरचे झाकण काढून कागद ओला आहे का ते आम्ही पाहतो. नुसती आसने आणि वायरिंग भिजले असेल तर सर्वसमावेशक विम्यात भरपाई मिळते. परंतु पाण्यात उभ्या गाडीला मालकाने चावी फिरवलेली असेल, तर पाणी इंजिनात ओढले जाऊन आतले दांडे वाकतात आणि इंजिन संरक्षणाची जोड-पॉलिसी नसल्यास तो दावा बहुधा नाकारला जातो. ही जोड-पॉलिसी पहिल्या वर्षापासून घ्यावी. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते, बाहेर दर विचारून पाहावेत. नव्या गाडीचा तृतीय पक्ष विमा मात्र तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो.

गोदाकाठ

गुरुजी, मी नांदेडहून लिहिते आहे. सर्वांनी आकड्यांचे उत्तम सांगितले आहे, पण आपण पहिल्या लेखनात मुलीचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात, तेथे मी थांबते. माझ्या यजमानांनी आणि मी दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीला गाडीसाठी मदत केली, तेव्हा नातेवाइकांपैकी अनेकांनी सांगितले की, "लग्नात द्यायचीच आहे, मग आता कशाला?" आम्ही उत्तर दिले की गाडी ती नोकरीसाठी घेत आहे, हप्ते ती भरणार आहे आणि आरसी बुकावर तिचेच नाव राहील. लग्नाच्या बोलणीत गाडीचा विषय निघू द्यायचा नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवले होते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे आणि तरीही आपल्या भागात सोयरीक जुळवताना चारचाकीची गोष्ट किती सहज बोलली जाते, हे मी वेगळे सांगायला नको.

आपण मुलाला अडीच लाख देत असाल तर त्याच बैठकीत मुलीलाही समोर बसवून सांगावे की तिच्यासाठी एवढी रक्कम राखून ठेवली आहे आणि ती शिक्षणाला, गाडीला किंवा आणखी कशाला वापरायची ते ती ठरवील. आज तेवढे पैसे नसतील तर तिच्या नावाने आवर्ती ठेव सुरू करावी. भावाला मिळाले ते तिला नंतर दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

वाळूजवासी

ताई, आपले म्हणणे पटले. माझ्या बहिणीच्या बाबतीत आमच्या घरी हा विचार झाला नव्हता आणि त्याचे मला आज वाईट वाटते.

निवृत्त_शाखाधिकारी

वापरलेल्या गाडीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. कर्जाशिवाय मिळत असेल तर जरूर घ्यावी; पण कर्ज काढूनच घ्यायची असेल तर जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो आणि मुदत कमी मिळते, त्यामुळे किमतीतला फायदा बराच आटतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आल्यामुळे नव्या आणि जुन्या गाडीतले अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही. जुनी घेताना नव्या किमतीशी ताडून पाहावे.

गुरुजी_अंबाजोगाई

मुलगा घरी आला होता, तेव्हा आम्ही चौघांनी बसून हा संपूर्ण धागा वाचला. ठरले ते असे. अडीच लाख रुपये मी त्याच्या खात्यावर पाठवणार असून ती भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही, हे त्याला सांगितले आहे आणि करसल्लागारांनी सुचवल्याप्रमाणे कागदही करून ठेवणार आहे. मुलीच्या नावाने आवर्ती ठेव उघडण्याचे ठरले. ती म्हणाली की तिला गाडी नको, परंतु पदव्युत्तर शिक्षणासाठी ही रक्कम हवी आहे. ताई, आपण लिहिले नसते तर हे बोलणे आमच्या घरात झाले नसते.

मुलाने पगार जमा होतो त्या बँकेत चौकशी केली असून ४ लाखांचे कर्ज ४८ महिन्यांसाठी, जामिनाशिवाय देण्याची त्यांची तयारी आहे. गाडी त्याच्याच नावावर राहील. वापरलेल्या गाडीचा विचार त्याने केला, पण घाटातला आणि रात्रीचा प्रवास पाहता एअरबॅगा आणि भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीचे तारांकन असलेली नवी गाडीच हवी, असे त्याच्या आईने सांगितले आणि मलाही ते पटले. पाडव्याचा मुहूर्त साधण्यासाठी घाई करायची नाही, असेही ठरले, कारण त्या दिवसांत शोरूममध्ये गाडी नीट तपासून घ्यायलाही कोणाला सवड नसते. खोलीपाशी गाडी लावायची सोय तो महिनाभरात पाहणार आहे आणि ती झाल्यावरच आगाऊ रक्कम भरणार आहे.

साहेब, शेवटचा एक प्रश्न. कर्ज फिटल्यावर आरसी बुकावरचा बँकेचा बोजा आपोआप उतरतो का?

निवृत्त_शाखाधिकारी

आपोआप उतरत नाही, गुरुजी, आणि याच ठिकाणी पुष्कळ लोक चुकतात. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ दोन प्रतींत घ्यावा, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करून शुल्क भरावे आणि गाडीची नोंदणी ज्या कार्यालयात आहे तेथून बोजा कमी केलेले नवे आरसी बुक घ्यावे. मुलाने संभाजीनगरला नोंदणी केली तर ते एमएच-२० चे कार्यालय असेल, अंबाजोगाईच्या पत्त्यावर केली तर एमएच-४४ चे. नोकरी तेथे असल्यामुळे आणि पुढची कामे त्यालाच करावी लागणार असल्यामुळे भाडेकराराच्या आधारे संभाजीनगरलाच नोंदणी करणे त्याला सोयीचे पडेल. विमा पॉलिसीवरही बँकेचे नाव असते, ते कमी करण्यासाठी विमा कंपनीला त्याच आरसी बुकाची प्रत द्यावी. आणि कर्ज बंद झाल्यावर महिना-दीड महिन्याने सिबिल अहवाल काढून खाते "बंद" असे दिसते की नाही, ते मुलाने स्वतः पाहावे. दिसत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करावी.